उतारावर तापणारी गाडी

पेणला खोपोली रस्त्यावर गणपतीच्या कारखान्यांची रांग संपते, तिथे रोहिणी म्हात्रेचं गॅरेज होतं. निळ्या पत्र्याची मोठी शेड, पुढे सिमेंटचं अंगण, आणि अंगणात नेहमी अशी एखादी गाडी उभी की येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वळवून बघावं. पाटी लावायची राहून गेली होती, पण त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. लोक ठाण्याहून, नाशिकहून जुन्या मोटारी घेऊन तिच्याकडे येत. पुण्यात मोटारींच्या एका कारखान्यात ती बरीच वर्षं टेस्टिंगला होती. इंजिनात कुठे काय बिघडलंय ते शोधून काढायचं, एवढंच तिथलं काम. ते इतकं अंगवळणी पडलं की नोकरी सोडून गावी परतल्यावर दुसरं काही करावं असं तिच्या मनातही आलं नाही.

तिची पद्धत सरळ होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. अंदाज नंतर. सोबतीला सुशील होता, जवळपास तिच्याच वयाचा. पेणच्या आतल्या अंगाला त्याचं गाव, घरची भाताची आणि वालाची शेती. ती सांभाळून तो गॅरेजला यायचा. त्याचा हात हलका होता आणि बोलणं मोजकं.

संक्रांत नुकतीच झाली होती, तेव्हा शौनक आपली काळी गाडी घेऊन आला. गाडी छप्पन सालची, विलायती बनावटीची, फुगीर पाठीची. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. शौनकच्या आजोबांनी, त्र्यंबकरावांनी, ती हौसेने घेतली होती. ते गेल्यावर गाडी पेणच्या त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. शौनकने ती बाहेर काढून नीट करून घेतली. रंग आरशासारखा चमकत होता आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चालत होतं.

"पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे," तो म्हणाला. "लग्न इथे पेणला. मुलगी इथलीच आहे, तनया. लग्न लागलं की तिला या गाडीतून रोह्याला घरी न्यायचं. बाबांची फार इच्छा होती. ते आता नाहीत. पण गाडी रोह्याला पोचतच नाही. दोनदा नेली, दोन्ही वेळा तापली. टो करून परत आणावी लागली."

"वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तापली असेल."

"नाही. तिथे कितीतरी वेळ अडकलो होतो, काटा हललासुद्धा नाही. नागोठणं गेलं, खिंड आली."

"मग चढावर तापली."

"चढ मस्त चढली. तापली ती पलीकडच्या उतारावर."

रोहिणीने बॉनेटवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. चढावर इंजिनाला जोर लागतो, तिथे ते तापणं समजण्यासारखं आहे. उतारावर गाडी आपल्याच वजनाने धावते, समोरून वारा लागतो, इंजिनाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. तिथे काटा खाली यायला हवा.

"आणि परत येताना?"

"परत चालवत आणलीच नाही ना कधी."

"ठेवून जा," रोहिणी म्हणाली. "लग्नाला गाडी तुमच्या दारात उभी असेल."

तिने हे उगाच म्हटलं नव्हतं. तापणारं इंजिन हा तिच्या लेखी सोपा आजार होता. पाणी फिरत नसेल, पाणी गळत असेल किंवा पाणी थंड होत नसेल. चौथं कारण सहसा नसतं.

रेडिएटर उतरवून तिने त्याची प्रत्येक नळी तपासली. सगळ्या मोकळ्या होत्या. थर्मोस्टॅटची झडप पातेल्यात उकळून बघितली, ती वेळेवर उघडली. वॉटर पंपाची पाती शाबूत होती, पट्टा ताठ होता. हेड गॅस्केट फुटलं असेल तर पाणी तेलात जातं नाहीतर सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन निघतं. तेल स्वच्छ होतं, धूर नव्हता. शेवटी तिने पाण्याच्या नळ्यांमध्ये हवा भरून दाब बघितला आणि तशीच ठेवून जेवायला गेली. परत आली तेव्हा दाबाचा काटा होता तिथेच होता. कुठे टाचणीएवढंही भोक नव्हतं.

मग तिने गाडी खोपोलीपर्यंत पळवली. भर दुपारी, खिडक्या बंद करून, मुद्दाम खालच्या गिअरमध्ये. काटा मध्यावर स्थिर राहिला.

"गाडी ठीक हाय," सुशील म्हणाला.

"खोपोलीला ठीक आहे," रोहिणी म्हणाली. "उद्या रोह्याला जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. वडखळला नेहमीसारखी ट्रकांची रांग होती. ती ओलांडून गाडी हायवेला लागली. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाडीच्या बाजूची सपाट शेतं. भाताच्या कापलेल्या खुंटांमधून वाल वर आला होता. नागोठणं मागे पडलं, गाडीने रोह्याचा रस्ता धरला. खिंडीत चढावर रोहिणीने इंजिनाला सवलत दिली नाही. काटा मध्यावरच होता.

माथा ओलांडला. गाडी उताराला लागली. पायथ्याशी एक दगडी मोरी आहे. बाजूला करंजाचं झाड आणि कोरडा पडलेला ओढा. आसपास वस्ती नाही. मोरी दिसू लागली आणि काटा हलला.

आधी सावकाश, मग सरसर वर. रोहिणीने इंजिन बंद केलं. गाडी तशीच घरंगळत येऊन मोरीच्या कठड्याजवळ थांबली. तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. घट, घट, घट. नळीतल्या पाण्यात हवा अडकली की असा आवाज होतो, हे तिला माहीत होतं. फक्त तो पुढून, इंजिनातून यायला हवा होता.

"मागून येतोय," सुशील हळूच म्हणाला.

"पत्र्यातून आवाज फिरतो," ती म्हणाली.

तिने हातावर जाड फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण जपून फिरवलं. वाफेचा फुत्कार येईल म्हणून तोंड बाजूला केलं होतं. काहीच आलं नाही. झाकण सहज निघालं. तिने आत बघितलं, मग बोट घातलं. आतली पितळ तापून कोरडीठक्क होती. सकाळी तिने स्वतः काठोकाठ भरलेलं पाणी गेलं होतं. गाडीखाली एक थेंब नव्हता. रस्त्यावर मागे ओल नव्हती.

सुशीलने कॅनमधलं पाणी भरलं. एक थेंबही गळला नाही. इंजिन सुरू केलं, काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर खिंडीचा चढ होता, ऊन होतं, पण गाडीने कसलीही तक्रार केली नाही.

पेणला पोचल्यावर गाडी धुताना सुशीलच्या लक्षात आलं की मागची डावी काच आतून धुरकट झाली आहे. श्वासाने होते तशी. बाकीच्या काचा स्वच्छ होत्या. दोघंही पुढे बसले होते.

"दमट हवा," रोहिणी म्हणाली आणि फडक्याने काच पुसून टाकली. जानेवारीत पेणची हवा दमट नसते, हे तिला पुसता पुसताच जाणवलं. पण गाडीच्या तापण्याशी काचेचा संबंध नव्हता, आणि एका वेळी एकच गोष्ट, हा तिचा नियम होता.

पाणी जातंय, म्हणजे कुठून तरी बाहेर पडतंय. कुठून, ते डोळ्यांना दिसत नसेल तर दिसेल असं करायचं. कारखान्यात यासाठी एक रंग वापरत. पाण्यात थोडासा मिसळला की पुरे. साध्या उजेडात तो कळत नाही, पण अंधारात जांभळ्या प्रकाशाची टॉर्च मारली की जिथे जिथे तो लागला असेल तिथे पोपटी उजळतो. केसाएवढी चीर असली तरी लपत नाही. रोहिणीने तो मागवला. शिवाय यावेळी तिने साधं पाणी न भरता बाजारात मिळणारं हिरवं कूलंट भरलं. ते लवकर उकळत नाही, तेव्हा जे काही होतंय ते सावकाश होईल आणि पकडता येईल, असा तिचा हिशोब होता. जास्तीचा एक कॅन सोबत घेतला.

सुशील थोडा घुटमळला. "ताई, गाडी टेम्पोत घालून रोह्याला नेली तर? तिथं गावात चालवतील."

"लग्नाची गाडी टेम्पोत?" रोहिणी हसली. "चल, बस."

यावेळीही सगळं तसंच झालं. वडखळ, नागोठणं, खिंडीचा चढ. उताराला मोरी दिसली, काटा उठला आणि मागून तो आवाज आला. यावेळी तो जास्त वेळ चालला. घाईघाईने, न थांबता. रोहिणीने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. तिचं तपकिरी कातडं उन्हात चकाकत होतं.

रेडिएटर कोरडा होता.

त्यांनी दुसरा कॅन ओतला आणि परत फिरले. खिंड चढत असताना मागून धडधड सुरू झाली. चाकातून येणारी धडधड चाकाच्या लयीत येते. ही लयीत नव्हती. एकदा जोरात, मग लागोपाठ, मग काही नाही, मग पुन्हा. रोहिणीच्या सीटच्या पाठीला मागून धक्के बसत होते. तिने गाडी कडेला घेतली, चाकांचे नट तपासले, खाली वाकून शाफ्ट हलवून पाहिला. सगळं घट्ट होतं. सुशील रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला होता.

"बस गाडीत," ती म्हणाली.

"बसतो," तो म्हणाला, पण लगेच आला नाही.

नागोठणं यायच्या आत धडधड मंदावली आणि थांबली.

गॅरेजमध्ये आल्यावर रोहिणीने दिवसाढवळ्याच शटर खाली ओढलं, खिडक्यांवर पोती टाकली आणि टॉर्च घेतली. आधी रेडिएटर. मग नळ्या, पंप, इंजिनाची प्रत्येक जोडणी. मग ती फळीवर झोपून गाडीखाली सरकली. सगळं काळंभोर होतं. कुठे एक ठिपकाही उजळला नाही. ती बाहेर आली, हात झटकले आणि आता काय, असा विचार करत उठताना टॉर्चचा झोत सहज मागच्या काचेवरून फिरला.

काच पोपटी पेटली.

तिने मागचं दार उघडलं. डाव्या काचेवर आतून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, एक ओलसर डाग होता. त्याच्या बाजूला तळव्याचा ठसा. त्याखाली आणखी एक, जरा घसरलेला. त्याखाली नुसती बोटं. ती काचेवरून दारावर आणि दारावरून सीटच्या कडेपर्यंत ओढत खाली गेली होती. पुढच्या सीटच्या पाठीवरही तसेच ठसे होते. मुठींचे.

सुशीलने ते पाहिलं. शटर थोडं वर करून तो वाकून बाहेर पडला. रोहिणी मात्र बराच वेळ तिथेच उभी राहिली. तिने आपला हात त्या तळव्यावर धरून पाहिला, न लावता. ठसा तिच्या हातापेक्षा लहान होता.

घाबरून काम अर्धं टाकावं असा तिचा स्वभाव नव्हता. गाडीचा पूर्वीचा इतिहास विचारणं हे तपासणीतच येतं, असं तिने स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बसने रोहा गाठलं. शौनकची आत्या, आनंदीबाई, रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, शौनकचं घर होतं त्याच नव्या इमारतीत राहत. त्र्यंबकरावांची ही थोरली मुलगी. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या या बाई ऐंशीच्या घरातही ताठ होत्या. रोहिणी गेली तेव्हा त्या टीव्हीवर क्रिकेट बघत होत्या. त्यांच्याकडे कामाला असलेली सगुणा आतून चहा घेऊन आली.

"गाडी तापते म्हणून आलीस होय," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं. "खिंड उतरल्यावर. मोरीपाशी."

"तुम्हाला माहीत आहे?"

"शौनकला मी म्हटलं होतं, गाडी हलवू नकोस. कारण विचारलंन तर काय सांगणार? त्याला वाटलं, म्हातारीला खर्च पटत नाही."

"तुमच्या वडिलांच्या वेळीही तापायची?"

"नाही. ते थांबायचे ना." बाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. "मोरीपाशी गाडी उभी करायचे. घरून तांब्या भरून घेतलेला असायचा. मागची डावी काच खाली करायचे आणि तांब्या आत धरायचे. तोंड डोंगराकडे फिरवून. आम्हा मुलांना सांगितलेलं असायचं, पुढे बघा. आम्ही सगळी पुढेच कोंबून बसायचो. मागे बसायची परवानगी नव्हती. थोड्या वेळाने ते तांब्या बाहेर घ्यायचे. तो रिकामा असायचा. मग आम्ही निघायचो."

"कोण होतं मागे?"

"एकदाच विचारलं मी. तर म्हणाले, तहान लागते माणसाला. एवढंच. पुन्हा विचारायचं नाही असं काही म्हणाले नाहीत. पण मी विचारलं नाही."

सगुणा दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली.

"मोरीपाशी काही झालं होतं का? अपघात वगैरे?"

"माझ्या कानावर काही आलं नाही. गाडी आली तेव्हापासून ते थांबत, एवढं मला आठवतं." बाई रोहिणीकडे रोखून बघू लागल्या. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीकडे बघावं तशा. "तू पाण्याचं का विचारते आहेस? रेडिएटरमधलं जातं का?"

"सगळं जातं. थेंब राहत नाही."

"मिळेल तिथून घेणारच मग. पाणीच होतं ना?"

टीव्हीवर कुणीतरी चौकार मारला होता आणि प्रेक्षक आवाजाविना नाचत होते.

"पहिल्यांदा पाणी होतं," ती म्हणाली. "काल कूलंट होतं."

"म्हणजे काय?"

"पाण्यात एक रसायन असतं. इंजिन थंड ठेवायला."

"ते पितात?"

"नाही. विषारी असतं."

"चवीला कडू असेल. तोंड लावलं की कळेल."

"गोड असतं," रोहिणी म्हणाली. "कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून उघडं ठेवत नाहीत."

आनंदीबाईंनी रिमोट उचलला, पण आवाज लावला नाही. तो मांडीवर ठेवून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. रोहिणीचा चहा तसाच निवला.

परतीच्या बसमध्ये रोहिणी खिडकीशी बसली होती. मोरी आली आणि गेली. करंजाखाली दोन शेळ्या बसल्या होत्या. आपण एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणीवर विश्वास ठेवतो आहोत का, असं तिने स्वतःला विचारलं. पण काय करायचं ते तिला नीट कळत होतं. तिने कूलंट काढून टाकलं. पाण्याच्या सगळ्या वाटा पुन्हा पुन्हा धुतल्या, जोवर खाली पडणारं पाणी पिण्यासारखं होत नाही तोवर. रेडिएटर माठातल्या पाण्याने भरला. काच आणि सीट साबणाने पुसून काढली. घरून पितळेचा तांब्या आणला.

"तू नको येऊ," ती सुशीलला म्हणाली.

"एकटी जाशील व्हय?" सुशील म्हणाला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला.

खिंड चढली, उतरली. मोरी दिसताच तिने काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर होता. तरीही तिने गाडी कठड्याशी उभी केली. तांब्या भरला. मागची डावी काच खाली केली, हात आत घातला आणि तोंड डोंगराकडे फिरवलं.

वाऱ्याने करंजाची पानं हलत होती. लांब कुठेतरी वालाच्या शेतात कुणी कुणाला हाक मारत होतं.

हात अवघडला. मग दुखू लागला. तिने तो काढला नाही.

"ताई," शेवटी सुशील म्हणाला.

तिने तांब्या बाहेर घेतला. तो काठोकाठ भरलेला होता.

ते पुढे गेले. शेडमधून बाहेर निघाल्यापासून गाडी पहिल्यांदाच रोह्याला पोचली. कुंडलिका नदीच्या पुलावर थांबून त्यांनी रेडिएटर उघडला. पाणी होतं तेवढंच होतं. येतानाही काही झालं नाही. त्या आठवड्यात रोहिणीने तीच फेरी पुन्हा पुन्हा केली. एकदा थांबून, एकदा न थांबता, एकदा भर उन्हात. आवाज नाही, धडधड नाही. काटा मध्यावरून हलला नाही.

तिने आनंदीबाईंना फोन केला. "मी मोरीपाशी थांबले होते. तांब्या भरलेला परत आला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मग आता गाडी तापायची नाही," आनंदीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

शौनक गाडी बघायला आला तेव्हा खूश झाला. काय बिघडलं होतं, असं त्याने विचारलं. रोहिणीने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला धड उत्तर दिलं नाही. "साफ केली," ती म्हणाली. "फक्त लग्नाच्या दिवशी गाडी मी चालवेन." त्याला तो मान वाटला.

लग्न सकाळच्या मुहूर्तावर लागलं. जेवणं उरकून दुपारी गाडी निघाली. पुढे झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर शौनक आणि तनया. गाडीमागे सुशील मोटारसायकलवर. तनया हसरी, बोलकी मुलगी होती. वडखळपर्यंत ती रोहिणीला इंजिनाबद्दल विचारत होती. हळूहळू ती गप्प झाली.

आरशात रोहिणीला दोघं दिसत होती. शौनक उजव्या दाराशी, तनया मधोमध, त्याला चिकटून. डावी बाजू मोकळी.

"तिकडे सरक ना जरा," शौनक म्हणाला. "केवढी जागा आहे."

"नको," तनया म्हणाली. "इथेच बरं आहे."

खिंड आली.

माथा गेला.

मोरीपाशी रोहिणीने वेग कमी केला. काटा मध्यावर होता. तिने गाडी थांबवली नाही.

तनयाने शालू गुडघ्यांपाशी गोळा करून आपल्याकडे ओढून घेतला होता. जसा शेजाऱ्याच्या अंगाखाली येऊ नये म्हणून ओढतात.

वरशाला इमारतीखाली सगळी वाट बघत होती. सनई लावलेली होती. आनंदीबाई गॅलरीत उभ्या होत्या, खाली आल्या नव्हत्या. शौनक उजव्या बाजूने उतरला आणि त्याच्यामागे त्याच दाराने तनयाही उतरली. बायका तिला ओवाळायला घेऊन गेल्या. रोहिणीने इंजिन बंद केलं आणि तीही उतरली.

सुशील मोटारसायकल लावून आला आणि गाडीच्या मागे उभा राहिला. ती त्याच्याजवळ गेली आणि तो बघत होता तिथे तिने पाहिलं.

माणसं उतरल्यावर गाडीची उजवी बाजू वर आली होती. डावी आली नव्हती.

मागचं डावं चाक मडगार्डमध्ये निम्मं शिरलं होतं. चाकावरच्या स्प्रिंगचा, पोलादी पट्ट्यांचा कमानदार पाटा तुटला असेल. रोहिणी फरशीवर गुडघे टेकून वाकली आणि आत हात घातला. एकेक पट्टी तिने बोटांनी चाचपली, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. एकही तुटलेली नव्हती. सगळ्या सरळ झाल्या होत्या, वजनाखाली होतात तशा.